१०८ येईपर्यंतचा तास कुणाचा?

दर पावसाळ्यात आपल्याकडे पेपरात एक बातमी ठरलेली असते, अ‍ॅम्ब्युलन्स वेळेवर आली नाही आणि पेशंट वाटेतच गेला. मग आमदार बोलतात, कलेक्टर चौकशी लावतात, १०८ च्या कंत्राटावरून दोन दिवस वादावादी होते आणि विषय संपतो. बातमी खोटी नसते. पण फोन लावल्यापासून गाडी दारात लागेपर्यंत पेशंट होता कुठे आणि त्याला तोवर कोण काय देत होतं, हे त्या बातमीत कधीच नसतं. बऱ्याचदा तो पीएचसीतच, म्हणजे गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच असतो. डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, कपाटात इंजेक्शनं आहेत, कोपऱ्यात सिलिंडर उभा आहे, रेफरची चिठ्ठी लिहून तयार आहे, आणि पेशंट सलाईन लावून गाडीची वाट बघत पडलाय.

मी बॉण्डची, म्हणजे डॉक्टर झाल्यावर करावी लागणारी सक्तीची सरकारी नोकरी अशाच एका पीएचसीत केली आणि आता तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते, त्यामुळे हा तास मी दोन्ही बाजूंनी बघितलाय. माझं म्हणणं सरळ आहे. गाड्या वाढवा, रस्ते करा, ते हवंच आहे, पण गाडी येईपर्यंतचा तास हा पीएचसीचा आहे आणि त्या तासात काय करायचं याचं हाताने केलेलं, परत परत केलेलं ट्रेनिंग पीएचसीतल्या डॉक्टरला आणि सिस्टरला त्यांच्याच पीएचसीत मिळालं पाहिजे. आज ते मिळत नाही.

हे काही मी नवीन मागत नाहीये. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालात हकीम शेख नावाचा एक शेतमजूर ट्रेनमधून पडला, डोक्याला मार लागला. आधी त्याला मथुरापूरच्या पीएचसीत नेलं, तिथे सोय नाही म्हणून पुढे पाठवलं, आणि मग कलकत्त्यात एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी बेड नाही, मशीन नाही म्हणून फिरवलं, शेवटी प्रायव्हेटला पैसे भरून उपचार घ्यावे लागले. ती केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९९६ साली निकाल लागला. तो निकाल लोकांना माहीत असतो तो पुढच्या हॉस्पिटलांनी पेशंट नाकारला म्हणून, पण त्यात कोर्टाने पहिलीच सूचना पीएचसीबद्दल केलेली आहे, की तिथे पेशंटला तातडीचे प्राथमिक उपचार देऊन त्याची प्रकृती स्थिर करता येईल एवढ्या सोयी असल्या पाहिजेत. त्याच्या आधी १९८९ ला परमानंद कटारा केसमध्ये कोर्टाने सांगितलंच होतं की जीव वाचवणं हे सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. एवढी वर्षं झाली. इमारती बऱ्याच ठिकाणी चांगल्या झाल्यात, टाइल्स लागल्यात, पण स्थिर करायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे अजूनही ज्या त्या डॉक्टरच्या हुशारीवर आणि धाडसावर सोडलेलं आहे.

अंतराचं बघा. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मधे सगळा मेळघाटचा घाट. भामरागडहून गडचिरोली त्याहूनही जास्त, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. धडगाव, अक्कलकुवा, मोखाडा, जव्हार, सगळीकडे हीच गोष्ट. १०८ महाराष्ट्रात २०१४ ला सुरू झाली तेव्हा अख्ख्या राज्याला ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्टच्या आणि बाकी ७०४ बेसिक. हे राज्य अकरा कोटींच्या वरचं. तुम्ही गाड्या दुप्पट केल्या तरी घाट तेवढाच राहणार, पूर तेवढाच राहणार. उलट पीएचसी राज्यात अठराशेहून जास्त आहेत, नियमाप्रमाणे आदिवासी आणि डोंगरी भागात २० हजार लोकांमागे एक, सपाटीला ३० हजारांमागे एक. पेशंटच्या सगळ्यात जवळची जागा तीच आहे आणि ती कायम तिथेच उभी असते, तिला यायला वेळ लागत नाही.

आता स्थिर करणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर व्हेंटिलेटर आणि आयसीयू येतं. तसं काही नाही हो. झटके आलेली गरोदर बाई घ्या. तिला मॅगसल्फचा, म्हणजे झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायचा, दोन्ही कुल्ल्यांवर खोल स्नायूत ५-५ ग्रॅम, आणि मग पाठवायचं, हे सरकारच्याच गाइडलाइनमध्ये आहे, सिस्टरनेसुद्धा द्यायला परवानगी आहे. कागदावर एक ओळ. प्रत्यक्षात १ ग्रॅमचे दहा अँप्यूल फोडायचे असतात, बाई टेबलवर झटके देत असते, सासू दारात रडत असते, एकीने बाईला डाव्या कुशीवर धरून ठेवायचं, दुसरीने सक्शन घ्यायचं, तिसरीने अँप्यूल फोडून भरायचे, आणि पीएचसीत रात्री असतातच मुळी दोघी. हे ज्यांनी आधी एकदा तरी मिळून करून बघितलंय त्यांचं काही मिनिटांत उरकतं. ज्यांनी फक्त स्लाइडवर बघितलंय त्यांच्याकडून ते राहून जातं, मग बाई तशीच गाडीत चढते आणि घाटात परत झटका येतो.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचंही तेच. मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, दोन जाड सुया, सलाईन, फाटलंय का ते बघणं, हे सगळं पीएचसीत होण्यासारखं आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात ८० हॉस्पिटलांत, २ लाखांहून जास्त बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला, २०२३ ला छापून आला. त्यांनी नवीन औषध एकही आणलं नाही. रक्त नजरेने अंदाजे न मोजता खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मोजायचं आणि ठराविक रेषेच्या वर गेलं की सगळे उपाय एकामागून एक न करता एकदमच करायचे, एवढंच. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीचं ऑपरेशन आणि त्याने होणारे मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी कमी झाले. आणि ट्रेनिंग दिलं कुठे, तर त्यांच्याच लेबर रूममध्ये, त्यांच्याच सिस्टर एकमेकींना शिकवत.

साप हा माझ्या जास्त जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली असा अंदाज आहे. केंद्राने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. आता पीएचसीत बघा. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठायचं थांबतं, आणि ते ओळखायला लॅब लागत नाही, काचेच्या एका टेस्ट ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि एकदा तिरकं करून बघायचं. पातळच राहिलं तर विष चढलंय. पण ती ट्यूब काचेची, नवी, स्वच्छ, कोरडी पाहिजे. प्लास्टिकची चालत नाही, आणि साबणाने किंवा डिटर्जंटने धुतलेली काचेची पण चालत नाही, कारण त्यात चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही आणि सगळा निष्कर्ष उलटा येतो. किती पीएचसीत रात्री दोन वाजता नवी कोरडी काचेची ट्यूब सिस्टरच्या हाताशी असते? लॅब टेक्निशियन घरी गेलेला असतो आणि लॅबला कुलूप असतं.

मण्यार तर त्याहून अवघड. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, खूण दिसत नाही, दुखत नाही, पहाटे पोटात कळ येते आणि पेशंट पोटदुखी म्हणून येतो. पापण्या जड झाल्यात का, मान उचलता येते का, एका श्वासात किती आकडे मोजता येतात, हे बघायची सवय हाताला आणि डोळ्याला लागलेली नसेल तर पित्ताची गोळी देऊन घरी पाठवला जातो. आणि ओळखलं तरी पुढे एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन द्यायचं की नाही यावर घोडं अडतं. औषध फ्रिजमध्ये असतं, पण रिअ‍ॅक्शन आली तर काय ही भीती असते, म्हणून न देताच रेफर. त्या रिअ‍ॅक्शनचं उत्तर मांडीत अर्धा मिली अ‍ॅड्रेनालिन हे आहे, ते आधी सिरिंजमध्ये भरून बाजूला ठेवायचं आणि मग एएसव्ही सुरू करायचं. एएसव्हीच्या सुरुवातीच्या दहा व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, तासाभरात जातात. म्हणजे १०८ येईपर्यंत बघा, जवळपास पूर्ण डोस गेलेला असू शकतो, किंवा एकही थेंब गेलेला नसू शकतो. दोन्ही पेशंट रजिस्टरमध्ये एकाच शब्दात जातात, रेफर्ड.

हे पीएचसीत होतच नाही असं म्हणणाऱ्यांना महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आठवून द्यावेसे वाटतात. १९७६ च्या सुमाराला ते बिरवाडीच्या पीएचसीत रुजू झाले. कोकणात लाल विंचवाने तेव्हा जवळपास चाळीस टक्के मृत्यू व्हायचे, पोरं डोळ्यादेखत हृदय आणि फुप्फुसं बंद पडून जायची. ते पेशंटजवळ बसून राहिले, तासातासाची नोंद केली, १९८२ ला ते लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि पुढे प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची स्वस्त गोळी वापरून हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली. आपण त्यांचं कौतुक करताना एक थोर माणूस म्हणून करतो आणि ते आहेतच, पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते, की त्या गोळीचा फायदा बावस्करांच्या हातात असतानाच नाही झाला, पीएचसीतले साधे एमओ (मेडिकल ऑफिसर), गावातले साधे जीपी (फॅमिली डॉक्टर) ती द्यायला शिकले तेव्हा कोकण सुटलं. थोर माणसं प्रत्येक पीएचसीत मिळणार नाहीत. गोळी कधी द्यायची हे शिकलेली साधी माणसं मिळू शकतात.

मग अडतं कुठे? ट्रेनिंग होत नाही असं नाही, ट्रेनिंगला जाऊन जाऊन एमओ कंटाळलेले असतात. जिल्ह्याच्या ट्रेनिंग सेंटरला बोलावणं येतं, सकाळी चहा-बिस्किट, मग एकामागून एक पीपीटी, दुपारी जेवण, एका डमीवर साठ जणांपैकी पुढच्या चार जणांनी सीपीआर करून बघायचा, प्री-टेस्ट पोस्ट-टेस्ट, फोटो, सर्टिफिकेट, टीए-डीएचा फॉर्म. केंद्राने २०२१ ला नॅशनल इमर्जन्सी लाइफ सपोर्ट म्हणून डॉक्टर, नर्स आणि पॅरामेडिकसाठी कोर्स काढला, कोर्स चांगला आहे, आपल्या इथल्या परिस्थितीचा विचार करून बनवलाय. पण कोणताही कोर्स एकदा करून सोडून दिला की काही महिन्यांत हात विसरतो, याला डॉक्टरची हुशारी जबाबदार नाही, सगळ्यांचंच होतं.

टांझानियात हायडम नावाच्या गावात एक ग्रामीण हॉस्पिटल आहे. तिथे न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा याचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. नंतर तपासलं तर डमीवर सगळ्यांचा हात सुधारला होता, पण लेबर रूममध्ये खऱ्या बाळांच्या बाबतीत काहीच बदललं नव्हतं. मग त्यांनी पद्धत बदलली, डमी लेबर रूमच्या शेजारीच ठेवली आणि थोडा थोडा वेळ, वरचेवर सराव सुरू केला. पहिल्या २४ तासांतले बालमृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. माणसं तीच, पगार तोच, हॉस्पिटल तेच. हे वाचल्यापासून मला आपल्या ट्रेनिंग सेंटरच्या त्या भरलेल्या हॉलचं फार वाईट वाटतं, केवढी माणसं, केवढा वेळ, आणि ते सगळं त्यांच्या स्वतःच्या टेबलापासून साठ-सत्तर किलोमीटर लांब.

कारण खरी अडचण त्या टेबलापाशीच असते. मी जिथे होते तिथली इमर्जन्सी ट्रॉली मला अजून पाठ आहे. वरच्या कप्प्यात लॅरिंगोस्कोप, म्हणजे श्वासाची नळी घालताना घशात बघायचं दिव्याचं उपकरण, पण त्यातले सेल काढून कुणीतरी भिंतीवरच्या घड्याळाला लावलेले. हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग होती, मोठ्यांचा मास्क होता, लहान मुलांचा नव्हता. सिलिंडर भरलेला, पण तो उघडायची चावी शिपायाच्या ड्रॉवरमध्ये आणि शिपाई रजेवर. औषधांच्या कप्प्याला कुलूप, किल्ली फार्मासिस्टकडे, फार्मासिस्ट रोज तालुक्याहून ये-जा करणारा. यात कुणी वाईट वागत नव्हतं, सगळी माणसं चांगली होती, रेकॉर्डला सगळं सामान होतं. पण खोटा खोटा का होईना पेशंट टेबलवर घेऊन घड्याळ लावून कधी कुणी सराव केलाच नव्हता, त्यामुळे चावी कुठे आहे हे कळायला खरा पेशंटच यावा लागायचा. पीएचसीत जाऊन केलेल्या एका ड्रिलमध्ये हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत बाहेर पडतं. जिल्ह्याच्या हॉलमध्ये ते दहा वर्षांत बाहेर पडणार नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर पण अ‍ॅम्ब्युलन्स लवकर पोचत नाही, तिथल्या जीपींना ठराविक मांडणीची सँडपायपर बॅग देतात आणि इमर्जन्सीचं ट्रेनिंग पण देतात, म्हणजे अडचणीच्या वेळी हात बरोबर त्या कप्प्यात जातो.

आता भीतीबद्दल. हे बाहेरच्या लोकांना पटकन कळत नाही. रेफर केलेला पेशंट वाटेत गेला तर तो अ‍ॅम्ब्युलन्सच्या खात्यात जातो, पीएचसीत इंजेक्शन दिल्यावर गेला तर डॉक्टरने मारला. जमाव जमतो, काचा फुटतात. मी असं घडताना बघितलंय आणि अशा रात्रीनंतर तो डॉक्टर पुढच्या वेळी इंजेक्शनला हात लावेल अशी अपेक्षा करणं अवघड आहे. कायद्यात संरक्षण आहे, २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा असेल तरच डॉक्टरवर फौजदारी लागते, आणि हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१० चा कायदाही आहे. पण रात्री दोन वाजता निकालाची प्रत कुणी दाखवत बसत नाही. त्या वेळी उपयोग होतो तो जिल्ह्याच्या सहीशिक्क्याच्या, भिंतीवर मराठीत लावलेल्या प्रोटोकॉलचा, की साप चावला तर इथे हे हे दिलं जाईल, आणि ते देताना ही ही रिअ‍ॅक्शन येऊ शकते. डॉक्टरला आधार मिळतो आणि नातेवाइकांना पण दिसतं की हे काही मनाने करत नाहीत. नातेवाइकांशी कसं बोलायचं, गाडी कधी येणार आणि तोवर आपण काय करतोय हे दर दहा मिनिटांनी कुणी सांगायचं, हाही त्या ट्रेनिंगचाच भाग असला पाहिजे, तो आज कुठल्याच पीपीटीत नसतो.

काही जाणकार म्हणतात, पीएचसीत वेळ घालवू नका, पेशंट लवकर हलवा. त्यांचं बरोबर आहे, पोटात रक्तस्राव असेल तर पीएचसीत तो थांबणार नाही, ऑपरेशनच लागणार. म्हणून फोन पहिला. मान-श्वास-रक्त बघता बघता कुणीतरी १०८ ला फोन लावलेला असला पाहिजे, आणि गाडी आली की हातातलं काम गाडीत चढवून पुढे न्यायचं. गाडीला थांबवून काही करायचं हे मी म्हणतच नाहीये, गाडी यायचा जो वेळ फुकट जातोय त्याबद्दल बोलतेय. काय करायचं नाही हेही शिकवावं लागतं. फवारणीचं विष अंगात गेलेला शेतकरी आला की अजूनही कित्येक ठिकाणी आधी नाकातून नळी घालून पोट धुवायला घेतात, तिकडे छातीत पाणी भरून माणूस गुदमरत असतो. त्याला आधी अ‍ॅट्रोपिन पाहिजे, छाती कोरडी होईपर्यंत डोस दुप्पट करत करत, आणि अंगावरचे कपडे काढून धुवून काढणं. यवतमाळला २०१७ च्या फवारणीत वीसच्या वर शेतकरी, शेतमजूर गेले. कापसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक पीएचसीला हे पाठ असायला हवं होतं.

दुसरा आक्षेप बदल्यांचा. एमओ वर्षभरात बॉण्ड संपवून पीजीला जातो, मग शिकवून फायदा काय? म्हणूनच तर एकट्या एमओला शिकवू नका. सिस्टर तिथे वर्षानुवर्षं असतात, ड्रायव्हर असतो, परिचर असतात, आरोग्य खात्याच्या फिरत्या भरारी पथकातले बीएएमएस (आयुर्वेद पदवीचे) डॉक्टर आदिवासी पाड्यांवर सगळ्यात आधी पोचतात, १०८ च्या गाडीतही बहुतेक बीएएमएसच असतात. टीम शिकलेली असेल तर नवा एमओ त्यांच्याकडून शिकेल, आणि हे काही कमीपणाचं नाही, मला अ‍ॅड्रेनालिन आधी भरून ठेवायची सवय एका सिस्टरनेच लावली. तमिळनाडूने २०२३ ला पीएचसीत हार्ट अटॅकच्या पेशंटला अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचा लोडिंग डोस देऊनच पुढे पाठवायची योजना सुरू केली. बदल्या तिथेही होतात, पण गोळ्यांचं पाकीट तिथेच असतं आणि कधी द्यायचं हे ठरलेलं असतं.

आणखी एक, ज्याला पैसे लागत नाहीत. पेशंट पुढे गेला की पीएचसीला परत काही कळत नाही. जगला का, मॅगसल्फ बरोबर गेलं होतं का, एएसव्ही कमी पडलं का, काही नाही. ज्याला स्वतःच्या कामाचा निकालच कधी कळत नाही तो सुधारणार कसा? सिव्हिलच्या कॅज्युअल्टीतून रेफर करणाऱ्या एमओला आणि सिस्टरला आठवड्यात एक फोन किंवा मेसेज, पेशंट कोणत्या अवस्थेत पोचला आणि पुढे काय झालं, एवढं बंधनकारक करा. टीएचओच्या, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या मासिक मीटिंगमध्ये आज किती रेफर केले याचा आकडा विचारतात आणि जास्त असला की झापतात, त्याऐवजी काय देऊन रेफर केले हे विचारा.

मेच्या शेवटी, पेरण्या सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक पीएचसीत अर्ध्या दिवसाचं सापाचं ड्रिल झालं पाहिजे, रात्रपाळीच्या स्टाफला घेऊन, आणि मग दर महिन्याला एखादा विषय, अर्धा-पाऊण तास, ओपीडी संपल्यावर. शिकवायला उपजिल्हा रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञाने किंवा फिजिशियनने पीएचसीत यायचं, पीएचसीने त्यांच्याकडे जायचं नाही. नव्या टेस्ट ट्यूब, लॅरिंगोस्कोपचे सेल, लहान मास्क, सिलिंडरची जादा चावी, याला रुग्ण कल्याण समितीचा निधी पुरतो, त्यासाठी मंत्रालयात फाइल जायची गरज नाही. त्या समितीवर गावातलीच माणसं असतात. तुमच्या ओळखीचं कुणी त्यावर असेल तर पुढच्या मीटिंगला त्यांना एवढंच विचारायला सांगा, की आपल्या पीएचसीत शेवटचं ड्रिल कधी झालं आणि औषधाच्या कप्प्याची किल्ली रात्री कुणाकडे असते.